बेहडपाड्याचा जंतू

आमच्या लॅबमध्ये दोन गोष्टी वेळच्या वेळी धुतल्या जात नाहीत, काचेच्या बशा आणि किस्से. बशांना निदान वास येतो म्हणून कुणीतरी उठतं. किस्से मात्र साठतच जातात, आणि चार जण चहाला बसले की कुणीतरी झाकण उघडतं.

लॅब उल्हासनगरच्या एका कॉलेजात. माणसं तीन: आमचे सर, हितेश आणि मी. काम एकच, झाडांच्या मुळांच्या आत राहणारे जंतू शोधायचे. जमलं तर असा एखादा, ज्याला अजून कुणी नाव दिलेलं नाही.

*

सुरुवातीलाच वाफेने निर्जंतुक करायचं मशीन बंद पडलं. सर म्हणाले, प्रेशर कुकर चालतो. हितेशने घरचा उचलून आणला आणि आम्ही त्यात जंतूंचं खाणं शिजवू लागलो.

आठवड्याभरात हितेशच्या आईचा सरांना फोन. "सर, हितेश बोल रहा है कीटाणू का खाना बनता है. मेरे कुकर में?"

सर नवा कुकर घेऊन माफी मागायला तिच्या घरी गेले. तिने प्रेमाने बसवून कढी-चावल वाढला. जुना कुकर हितेशने आदल्याच दिवशी घरी परत नेऊन ठेवला होता. भात कुठल्या कुकरमधला, हे सरांनी विचारलं नाही. खाली मान घालून जेवले.

*

मग अंबरनाथला एमआयडीसीमागच्या ओढ्याकाठचं गवत आणलं. मुळं स्पिरिटने धुतली, म्हणजे बाहेरचे जंतू मरतात आणि आतले तेवढे उरतात. त्यातून बशीत जंतूंचा एक पिवळसर ठिपका वाढला. सरांना तो कुठल्याच पुस्तकात सापडेना. त्यांनी डीएनएचा रिपोर्ट यायच्या आधीच स्टाफरूममध्ये पेढे वाटले.

रिपोर्ट आला: माणसाच्या कातडीवर राहणारा नेहमीचा जंतू.

कुणाच्या कातडीवरचा, ते बघायला आम्ही तिघांनी बशीत बोटं टेकवली. जुळलं ते सरांचं. पुढे कितीतरी दिवस स्टाफरूममध्ये त्यांना विचारायचे, "काय सर, तुमचा जंतू बरा आहे ना?"

*

त्यानंतर बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या बाजूला बेहडपाड्यावर गेलो. भातकापणीनंतरच्या ओलीवर तिथे वाल होतो, आणि वालाची मुळं जंतूंनी भरलेली असतात. बांधाला पाच-सहा वेल नुसतेच वाळत उभे होते. सरांना वाटलं, सोडून दिलेले आहेत. आम्ही ते मुळासकट खणले.

तेवढ्यात शेताची मालकीण आली, हिराबाई. ते वेल तिने बियाण्यासाठी राखले होते. सर्वांत चांगल्या शेंगांचे.

सर सॉरी सॉरी करत राहिले. तिने पायाने एक खड्डा बुजवला. मग म्हणाली, "उपाटलंच हाय तर न्या. आता काय परत लागनार हाय?"

निघताना तिनेच आम्हाला पाणी दिलं. ते पिताना आमची एकमेकांकडे बघायची हिंमत झाली नाही.

*

आणि त्याच मुळांत तो निघाला. या वेळी सरांनी कुणाला काही सांगितलं नाही. सगळ्या तपासण्या पुन्हा पुन्हा केल्या. जंतू खरोखरच नवा होता.

हितेश म्हणाला, सर, तुमचं नाव द्या. सर म्हणाले, स्वतःचं नाव स्वतः देत नसतात. शिवाय त्या बाईचं आपण देणं लागतो. म्हणून पाड्याचं नाव दिलं: बेहडपाडेन्सिस. एका स्थानिक पेपरने बातमी छापली, 'बेहडपाड्यात आढळला नवा जंतू'. सरांनी ती फ्रेम करून घेतली.

*

पुढच्या वालाच्या हंगामात ती फ्रेम हिराबाईला द्यायला आम्ही तिघं गेलो. ती दारात शेंगा निवडत होती. फ्रेम बघून तिने हात पुसले, पण पुढे केले नाहीत.

ती बदलापूर स्टेशनबाहेर शेंगा विकते. बातमी आल्यापासून गिऱ्हाईक आधी विचारायचं, कुठल्या गावच्या. बेहडपाडा म्हटलं की शेंग हातातून खाली ठेवायचं. आता ती दुसऱ्याच गावाचं नाव सांगत होती. पाड्यातल्या बाकीच्या बायकाही तेच करत होत्या.

सर घाईघाईने समजावू लागले. हा जंतू रोगाचा नाही, हा वालाच्या मुळात राहून त्याला खत पुरवतो, ही तर मानाची गोष्ट आहे. तिने सगळं ऐकून घेतलं.

मग विचारलं, "ह्ये नाव किती दिस ऱ्हानार?"

सर हळूच म्हणाले, "कायमचं. एकदा दिलं की बदलता येत नाही. जगभर तोच नियम आहे."

हिराबाईने मान हलवली आणि पुन्हा शेंगा निवडायला घेतल्या. आम्ही उठलो तेव्हा म्हणाली,

"जंतूचं नाव बदलत नाय, मंग पाड्याचं बदलता येल का, त्येवढं इचारून सांगा."