तारीखमामांचा फळा

तारीखमामा कधी नमस्कार म्हणत नसत. सकाळी शाळेचं फाटक उघडताना ते म्हणत, "सर, आज माणूस चंद्रावर उतरला!" आणि मी मोटारसायकल स्टँडवर चढवेपर्यंत पुढचंही सांगून टाकत, "अन् आपला गणपत सिद्धगडावर चढला. त्याला उतरवायला चौघं गेले होते."

शहापूर तालुक्यातल्या आमच्या हायस्कूलचे ते शिपाई. शाळेतल्या शिपायाला मुलं मामाच म्हणतात, तारखांच्या नादामुळे हे तारीखमामा झाले. दिनविशेष लिहिण्याचं काम खरं माझं, कारण मी इतिहासाचा शिक्षक. रुजू झाल्यावर महिन्याभरात मी ते त्यांच्या गळ्यात घातलं. माझा आळस तिथून सुरू होतो.

मामांनी फळ्याचे दोन भाग केले. डावीकडे 'जग', उजवीकडे 'आपण'. "नुसतं जगाचं लिवलं तर पोरांना वाटंल, आपण जन्मभर टाळ्याच पिटायच्या." म्हणून डावीकडे कुणी धावण्याचा विक्रम मोडला, की उजवीकडे आमची ठकी लांब उडीत तालुक्यात पहिली येई. डावीकडे शास्त्रज्ञ जन्माला आला, की उजवीकडे विहिरींच्या मोटारी दुरुस्त करणारा पांडू जन्माला येई. आपल्या तारखेला पांडू इस्त्रीचा शर्ट घालून फाटकाशी उभा राहायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा, "फळा वाचला का रं?"

एक जूनला सुट्टी असूनही मामा येत आणि उजवीकडे दोनच शब्द लिहीत: 'निम्मं गाव.' आमच्याकडे जुन्या मास्तरांनी, ज्याची तारीख ठाऊक नाही त्याला सरसकट एक जूनला जन्माला घातलेलं. मामांना याचा भयंकर राग. जुनी पंचांगं काखेत मारून ते म्हाताऱ्यांच्या ओट्यावर जाऊन बसत. "काकू, पोरगा झाला तवा भाताची आवणी चालू होती का झोडणी? अमावस्येच्या आधी का मागनं?" एक म्हातारी वैतागून म्हणाली होती, "मेल्या, बाळंत मी झाले अन् कळा तुला येतात होय रे!" तरी तिच्या पोराची तारीख त्यांनी काढलीच.

ज्या तारखेला 'आपण'खाली लिहायला काहीच सापडत नसे, तिला ते भाकड तारीख म्हणत. त्या दिवशी त्यांना डबासुद्धा गोड लागत नसे. "सर, असं कसं होईल? आख्ख्या गावात त्या दिशी काहीच झालं नाय?"

गावभराच्या तारखा शोधणारे मामा स्वतः मात्र एक जूनवाले. आई कधीच गेलेली. पण पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून त्यांचा जन्म मुरबाडच्या बाजूला, सिद्धगडाच्या पायथ्याशी आजोळी झालेला. तिथल्या जुन्या पोलीस पाटलाच्या घरी ट्रंकेत जन्माच्या नोंदींची वही आहे, असा त्यांना पत्ता लागला. मला म्हणाले, "मी गेलो तर अंगणातनंच वाटंला लावतील. सर गेले तर बाज टाकतील, वही पण दाखवतील. तुमी जाल?" मी जातो म्हणालो.

आता खरं सांगतो. रविवारी निघालो आणि मुरबाडला मित्राकडे चहाला थांबलो. टीव्हीवर क्रिकेटचा सामना चालू होता. एक षटक बघू म्हणता म्हणता दिवस मावळला, आणि मी तिथूनच परत फिरलो.

सोमवारी सकाळी मामा फळ्याशी उभे होते. "मिळाली का?" नाही, एवढाच शब्द म्हणायचा होता. त्यांचा चेहरा बघून तो निघेना. फळ्यावर नजर गेली. तारीख होती एकोणतीस ऑगस्ट. मी म्हणालो, "मामा, आजचीच!"

त्यांच्या हातातला खडू पडला. 'जग'खाली लिहिलं होतं: चुंबकापासून वीज करता येते हा शोध. त्याखाली, हॉकीच्या जादूगाराचा जन्म, म्हणून राष्ट्रीय क्रीडा दिन. "अरे देवा!" मामा म्हणाले, "एवढ्या मोठ्या माणसाच्या पंगतीला मी?" आणि 'आपण'खाली त्यांनी जपून लिहिलं: 'शाळेचे शिपाई जन्मले.'

त्या वर्षापासून दर एकोणतीस ऑगस्टला शाळेत हॉकी सुरू झाली. मुळाशी वाकडा झालेला बांबू ही काठी, चिंध्यांचा चेंडू, आणि मामा पंच. सामना संपला की ते सगळ्यांना गूळ-शेंगदाणे वाटत. पहिला खडा माझ्या हातावर ठेवून म्हणत, "सरांनी मला जन्माला घातलं!" मुलं हसत. मी तो खडा सात वर्षं खाल्ला.

आठव्या वर्षी सहन होईना. आदल्या दिवशी रजा टाकून खरंच पाटलाच्या घरी गेलो. सूनबाई म्हणाल्या, "ती ट्रंक होय? मागल्या पावसाळ्यात वाळवी लागली. वह्यांचा भुगा झाला, टाकून दिला." म्हणजे मागल्या पावसाळ्यापर्यंत वही तिथे होती. मी गेलो असतो तर मिळाली असती.

सकाळी मामा फळा लिहीत असतानाच सगळं सांगितलं. सामना, खोटी तारीख, वाळवी.

त्यांनी डस्टरने स्वतःचा जन्म पुसला. त्या दिवशी शाळेची घंटा पहिल्यांदाच उशिरा झाली.

प्रार्थनेला बाहेर आलो तर 'आपण'खाली नवी ओळ होती: 'सरांनी खरं सांगितलं.'

मुलांनी गलका केला, "मामा, वाढदिवस नाय?"

"वाढदिवस नाय. हॉकी हाय!"

संध्याकाळी गुळाचा खडा देताना मामांनी हळूच विचारलं, "सर, त्या दिशी क्रिकेटची म्याच कोण जिंकलं?"

"आपण हरलो, मामा."

"मंग ठीक," ते म्हणाले. "जिंकलो असतो तर तुमाला माफी नव्हती."

पुढे ते निवृत्त झाले, आणि गेल्या माघात गेले. फळा आता पुन्हा माझ्याकडे आहे. दर एकोणतीस ऑगस्टला ती ओळ मलाच माझ्या हाताने लिहावी लागते. नवी मुलं विचारत, "कुठले सर? काय खरं?" मी म्हणत असे, "होते एक." यंदा भर वर्गात सगळं सांगून टाकलं. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "म्हणजे मामांचा वाढदिवस कोणत्याही दिवशी असू शकतो ना, सर?"

तेव्हापासून ज्या दिवशी 'आपण'खाली लिहायला काही सापडत नाही, त्या दिवशी आम्ही लिहितो: 'आज कदाचित तारीखमामांचा जन्म.' आता आमच्या गावात एकही तारीख भाकड नाही.