गिटारची दांडी सरळ होती

माझ्या नवऱ्याला हे ठाऊक नाही. शाळेतल्या मैत्रिणींनाही नाही. आई होती तेव्हा तिला सांगावं असं दोनदा ओठांवर आलं आणि दोन्ही वेळा मी भाजीचा विषय काढला. हे घडलं त्याला आठ वर्षं झाली. आज तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही, मध्येच "अगं, जाऊ दे" म्हणणार नाही. तसं कुणी म्हटलं तर मला बरं वाटेल — आणि मला बरं वाटायला नको आहे.

गोष्ट एका जुन्या गिटारची आहे. म्हणजे — तशी माझ्या बहिणीची आहे.

रेखा माझ्याहून चार वर्षांनी लहान. आमचं माहेर कन्हेरीचं. मी बारामतीत एका शाळेत गाणं शिकवते. गाण्याच्या परीक्षा दिल्या, पेटी वाजवते, आणि हल्ली मुलांना गिटारच हवी असते म्हणून चार वर्षं क्लासला जाऊन तीही शिकले. रेखानं एकही परीक्षा दिली नाही. मी गुरुजींपुढं बसून घोकायची, ती दारात बसून शेंगा फोडत ऐकायची आणि संध्याकाळी तेच गाणं परसात भांडी घासताना म्हणायची. माझ्यापेक्षा चांगलं. हे कबूल करायला मला इतकी वर्षं लागली, तेव्हा पुन्हा एकदा लिहिते — माझ्यापेक्षा चांगलं.

लग्नात, बारशात, हळदीला लोक मला म्हणायचे, "तू पेटी धर गं, रेखाला गाऊ दे." पेटी धर! मी काय पेटी धरायला परीक्षा दिल्या होत्या? मी हसत पेटी धरायची. लोक म्हणायचे, बहिणी-बहिणींची जोडी बघा कशी. तुमच्या पोटात असं कधी दुखलंय का — सख्ख्या माणसाचं कौतुक ऐकून? दुखलं असेल तर कुणाला सांगितलंत?

तिचं सासर पळसदेवचं. धरणाच्या पाण्यावर पेरूची बाग, कडेनं भाजीपाला. तिथं तरी गाणं बंद पडेल असं मला वाटलं होतं. वाटलं होतं कसलं, मी वाट बघत होते. पण तिचे सासरे, आबा, निघाले गाण्याचे वेडे. पेरू तोडायला बायका आल्या की आबा बांधावरून ओरडायचे, "सूनबाई, व्हून जाऊ दे एक गाणं!" आणि बाग ऐकायची. माझ्या सासरी माझ्या गाण्याचं कुणी नावही काढत नाही. पेटी कपाटावर, तिच्यावर इस्त्रीचे कपडे.

एका भाऊबीजेला मी माझी गिटार कन्हेरीला नेली. मिरवायला — दुसरं काय? मी एक गाणं वाजवलं, सगळे "छान, छान" म्हणाले आणि करंज्या खायला लागले. रेखानं विचारलं, "ताई, बघू का गं?" तिनं ती मांडीवर आडवी-तिडवी धरली, तारा चाचपल्या, एक बोट इथं, एक तिथं. जेमतेम दहा मिनिटं. मग आईची जात्यावरची ओवी म्हणत तिनं तिच्याखाली दोन सूर असे काही मिळवले की हातातली करंजी कुणाच्या तोंडापर्यंत गेली नाही. बोटं बदलून एका सुरावरून दुसऱ्यावर जायला मला सहा महिने लागले होते. मी उठले, म्हटलं, "तार तुटेल, दे इकडं," आणि गिटार पिशवीत घातली. चेन मी खसकन ओढली. रागानं, हो. तिचा काय दोष होता? काही नाही. म्हणूनच जास्त राग.

त्यानंतर तिला गिटारचा ध्यासच लागला. नवी घ्यायला आबा तयार होते, पण तिनंच नको म्हटलं — आधी जमतंय का बघू, जुनीच घेऊ. मग इंदापूरच्या एका काकूंकडं जुनी गिटार आहे असं कळलं. त्यांच्या मुलाची. मुलगा नोकरीला लांब गेला तो तिकडचाच झाला, आणि गिटार माळ्यावर पडून. रेखानं मला फोटो पाठवले. पोटावर जिथं तारा अडकवतात ती लाकडी पट्टी मागून उचललेली, तीनच तारा शिल्लक, दोन खुंट्या मोडलेल्या, कडेला केसाएवढी चीर. खाली लिहिलं होतं, "ताई, तू बघून सांग. तू म्हणशील तसं."

आता इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. जनावर घ्यायला जाताना सोबत जाणतं माणूस नेतात. जाणत्यानं पाहीपर्यंत घेणाऱ्यानं जनावराला हात लावायचा नाही, कारण हात फिरवला की जीव जडतो आणि मालकाला ते दिसतं. जाणत्यानं नाही म्हटलं की वळून परत बघायचंही नाही, नाहीतर त्याच्या शब्दाचा अपमान होतो. आबांनी उभ्या जन्मात गाई-बैल असेच घेतले, आणि गिटारही ते तशीच घ्यायला आले. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, खास माझ्यासाठी पेरूंची पिशवी. सुनेच्या गाण्यासाठी सासरा कामाचा दिवस मोडून येतो — हे बघूनच माझं डोकं फिरलं होतं. गिटार तर मी अजून पाहिलीही नव्हती.

काकूंनी ती जुन्या चादरीतून काढून पलंगावर ठेवली. रेखा पुढं झाली तशी आबांनी हळूच तिला थांबवलं.

"हात लावू नगंस. आधी बाईंना बघू दे."

रेखानं दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली. गिटारकडं नाही, माझ्या तोंडाकडं.

मी बघितलं. सगळं नीट बघितलं, त्यात कसूर केली नाही. मधल्या गोल भोकाच्या कडेला लाकडाचे धागे आरपार दिसत होते. म्हणजे अख्ख्या फळीची होती, माझ्या गिटारसारखी चिकटवलेल्या थरांची नव्हे. पट्टी पुन्हा सरसानं बसली असती. खुंट्या बाजारात मिळतात. चीर वरवरची. बारामतीत पेट्या दुरुस्त करणारा माझ्या ओळखीचाच कारागीर होता, आठवड्यात करून दिली असती. मग मी तिची दांडी डोळ्यासमोर धरली, सुतार फळी बघतो तशी. जुन्या गिटारीत बघायचं ते हेच. दांडी वाकली असेल तर खर्च करण्यात अर्थ नसतो.

दांडी सरळ होती.

मी उरलेल्या तीन तारांपैकी एक छेडली. गंजलेली, उतरलेली तार — तरी जो आवाज निघाला तो त्या खोलीत कितीतरी वेळ राहिला. माझी गिटार अशी कधी बोलली नव्हती, बोलणारही नव्हती. मी मान वर केली तर रेखाचे ओठ उघडे होते. तिनं तो सूर पकडला होता, मनातल्या मनात. मला दिसलं ते. पुढचंही सगळं दिसलं — ही गिटार तिच्या मांडीवर, माणसं गोळा झालेली, आणि मला पेटी धरायलासुद्धा कुणी बोलावत नाही.

मी म्हटलं, "दांडी वाकलीय. ही आता कामातून गेली."

किती सोपं होतं! आवाज जरासुद्धा हलला नाही. शाळेत नापास मुलाच्या आईला सांगते तसं सांगितलं, थोडं हळहळून.

काकू म्हणाल्या, "अगंबाई, मला वाटलं नुसती पट्टीच निघालीय."

आबांनी टोपी सारखी केली. "बाई, तुमी होता म्हणून बरं झालं. न्हायतर आमी फसलो आस्तो." आणि ते चपला घालायला गेले. रेखा त्यांच्या मागोमाग. तिनं वळून पाहिलं नाही. हात पदरातच होते. त्या गिटारला तिचं बोटसुद्धा लागलं नाही.

इथंच संपलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते बहुतेक. एक खोटं, एक जुनी गिटार — म्हटलं असतं, माणूस आहे, होतं. पण मी आत्तापर्यंत तुम्हाला सांगितलं ते त्यातल्या त्यात बरं सांगितलं. खरं पुढंच आहे.

आबा खताच्या दुकानात गेले आणि आम्ही दोघी इंदापूरच्या स्टँडसमोर उसाचा रस घेत बसलो. रेखाचं तोंड उतरलं होतं, पण ती काही रडूबाई नाही. अर्धा ग्लास झाल्यावर म्हणाली, "जाऊ दे. दुसरी बघू की. मिळंल कुठंतरी. व्हय ना गं ताई?"

म्हणजे सुटका नव्हतीच. दुसरी येणार, मग तिसरी येणार. मी दर वेळी दांडी वाकवणार होते का?

मी ग्लास खाली ठेवला. तिच्या हातावर हात ठेवला — तो हातसुद्धा आठवतो मला, मोठ्या बहिणीचा — आणि म्हटलं, "रेखा, रागावू नको. दुसरं कुणी सांगणार नाही म्हणून सांगते. तुझा सूर हल्ली उतरतो. लोक तोंडावर बोलत नाहीत. आबांचं काय, ते मायेनं ऐकतात."

तिनं उरलेला रस बाजूला सारला. मग म्हणाली, "खरंच? मला न्हाय गं कळलं."

"आपलं आपल्याला कळत नाही," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? आत्ताच तर मी तिला फसण्यापासून वाचवलं होतं. आणि परीक्षा मी दिल्या होत्या, जाणती मी होते. रीतच होती ती — जाणत्याचा शब्द, त्यावर वळून बघायचं नाही. पुढं बस आली आणि मी खिडकीतून तिला हात केला.

तिचा सूर उतरत नव्हता. कधीच उतरला नव्हता. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

महिन्याभरानं मी एकटीच इंदापूरला गेले. का गेले ते विचारू नका, माझं मलाच नीट सांगता येत नाही. कधी वाटतं, घेऊन, दुरुस्त करून रेखाला द्यायला गेले. कधी वाटतं, स्वतःला घ्यायला. काकूंनी दार उघडलं, ओळखलं, आत बसवलं. मी गिटारचं विचारलं तर म्हणाल्या, "ती होय? तुम्हीच म्हणालात ना कामातून गेली म्हणून. उगाच जागा अडवत होती. फोडून बंबात घातली. लाकूड मात्र चांगलं होतं हो, पाणी लगेच तापलं."

मला धक्का बसायला हवा होता. बसला नाही. मला हायसं वाटलं. आता कुणी दुसरा जाणता ती उचलून बघणार नव्हता, दांडी डोळ्यासमोर धरणार नव्हता. मी त्यांचा चहा घेतला, वर बिस्किटही खाल्लं.

रेखानं गिटारचं नाव पुन्हा काढलं नाही. गाणं तिनं एकदम सोडलं नाही. आधी लग्नात गाणं थांबवलं, मग बारशाला, मग बागेतही. आबा आता थकलेत. दोन वर्षांपूर्वी त्यांना बघायला गेले होते तेव्हा रेखा चहा करायला आत गेली, आणि त्यांनी मला जवळ बोलावलं.

"बाई, रेखी गात न्हाय आता. इचारलं तर हसती नुसती. आमचं काय चुकलं का वं? तुमी तरी इचारा की तिला."

तेव्हा सांगता आलं असतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. त्या म्हाताऱ्या माणसानं मला घरातून हाकललं असतं किंवा नसतं — पण स्वयंपाकघरात जाऊन सुनेला सांगितलं असतं, आणि ती पुन्हा गायली असती. मला हे तेव्हाही कळत होतं. मी म्हटलं, "संसारात पडलं की गाण्यात मन लागत नाही हो आबा, बायकांचं असंच होतं." ते "व्हय, व्हय" म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून पडले.

गेल्या महिन्यात माहेरी बारसं होतं. कुणीतरी सवयीनं म्हटलं, रेखा, म्हण की एखादं. रेखा म्हणाली, "माझा सूर न्हाय लागत आता. ताईला सांगा. ताई चांगली गाती."

आणि मी गायले. लोक मलाच सांगतात हल्ली. मला आवडतं ते — आजही आवडतं, खोटं कशाला सांगू? अंतऱ्यात वर जाताना माझा सूर जरा खाली राहतो, पहिल्यापासून राहतो. गाता गाता मी समोर पाहिलं. रेखा गुडघ्यावर बोटानं ताल धरून बसली होती. बरोबर त्या जागी तिचं बोट थांबलं, कपाळावर बारीकशी आठी आली आणि लगेच गेली. तिला कळलं. तिच्या कानाला सगळं कळतं. गाणं संपल्यावर तिनंच पहिली टाळी वाजवली, म्हणाली, "छान झालं गं ताई, अजून एक म्हण."

मी अजून एक म्हटलं.