जुन्या विहिरीत कंदील सोडला तेव्हा

सोमवारी करकंबला आमच्या मळ्यातली जुनी विहीर उघडली. दोन वर्षं वर फळ्या आन काटे टाकून झाकलेली... यंदा उन्हाळ्यात नवी विहीर आटली, म्हणून जुनीतला गाळ काढायचं ठरलं.

ऊन चढायच्या आत उरकावं म्हणून दिवस उगवतानाच गेलो. वडील, म्हणजे आमचे दादा, आई, बापूकाका आन मी. वारा असा न्हायच... लिंबाचं पानसुदिक हलत नव्हतं.

आत नुसता अंधार. गाळ किती हाय ते बघायला काकांनी दोराला कंदील बांधून सोडला. निम्म्यात एक काळा दगड पुढं आलाय, तिथवर ज्योत नीट होती. दगडाच्या खाली गेली आन विझली... कुणी चिमटीत धरल्यागत.

काका म्हणाले, विहिरीतल्या आसरांचा, पाण्यातल्या देवतांचा, मान द्यायचा राहिला. मग आईनं घरी जाऊन दहीभात आन हिरव्या बांगड्या आणल्या, हळदीकुंकू वाहिलं. दादांनी कमरेला दोर बांधला.

कंदील पेटवून त्यांच्या हातात द्यायचं काम माझं. मी सातवीत शाळा सोडली, चारचौघांत मला बोलायला जमत न्हाय... कुणी काय इचारलं तर नुसती मान हलवते. पण मनात काय आलं कुणास ठाऊक, दादांना न देता मीच कंदील परत आत सोडला.

त्याच दगडाखाली परत विझला.

वर ओढला. काच गरम होती, हलवून बघितलं तर राकेल निम्मं होतं. वारा न्हाय, आसरांना मान दिलेला... मग विझवतंय कोण? एवढ्या उकाड्यात माझ्या अंगावर काटा आला. तोवर दादांनी एक पाय आत सोडलेला.

"दादा, तितं दिवा जगंना. तुमी नका उतरू."

बापूकाका हसले. "हिला तोंड हाय व्हय?"

दादा हसले न्हाईत. काठावर बसून माझ्याकडं बघत राहिले... मग कमरेचा दोर सोडला.

मग काकांनाच आठवलं. दुष्काळी कामावरचा एक मुकादम असाच दिवा सोडायचा, विझला की माणसाला उतरू द्यायचा न्हाय. बंद विहिरीत वाईट हवा साठती म्हणायचा.

दोन दिवस आमी लिंबाच्या फांद्या दोराला बांधून आत खालवर हलवल्या. तिसऱ्या दिवशी ज्योत तळापातूर टिकली, तवा दादा उतरले.

वर आले, कमरेचा दोर सोडला. म्हणाले, "तळाला चार पारवी पडल्याती, फळ्या काढल्यावर आत गेलेली. जखम न्हाय, काय न्हाय... झोपल्यागत."

आई परत एकदा हळदीकुंकू वाहून आली.

तुमच्याकडं कुणी झाकलेली विहीर उघडणार आसंल तर मान द्या, पण माणूस सोडायच्या आधी दिवा सोडा.

काल दुपारी दादा सावलीला बसून कांदा-भाकरी खात होते. मला काम लई होतं... तरी मी त्यांचा शेवटचा घास होईस्तोवर बघत बसले.