गंगाधरपंतांचे त्रेचाळीस पेपर

गंगाधरपंतांची शिस्त भोरात कुणाला सांगायला नको होती. बावीस वर्षं त्यांनी इंग्रजी शाळेत एकच विषय शिकवला, इंग्रजी व्याकरण, आणि त्यात कधी कुणाला दयामाया दाखवली नाही. पाण्याला मच, पोरांना मेनी. एकाला इज, अनेकांना आर. चुकला की फुली. मामलेदाराचा मुलगा असो की शेतकऱ्याचा, फुली तेवढीच लांब. अशा माणसाला सगळं गाव नमस्कार करतं आणि चहाला मात्र कुणी बोलावत नाही.

त्यांची बायको सौदामिनी. लग्नात मराठी चौथी झालेली, कामाला वाघ आणि बोलायला मुकी. इतकी मुकी की शेजारच्या बाळाबाईंना बरीच वर्षं वाटे, हिचे दात दुखत असावेत.

एकोणीसशे पस्तीसच्या सुमारास पंतांचे डोळे जायला लागले. आधी कडेचं दिसेना, मग समोरचंही धूसर झालं. पुण्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, आणि गेलेली नजर परत येत नाही हेही सांगितलं. पेन्शनीला पाच वर्षं उरली होती. आंधळ्या मास्तराला संस्थानाने पाच दिवस तरी ठेवला असता का? पुण्याहून आल्यावर पंतांनी टोपी खुंटीला लावली, ती खाली पडली. "हे कुणाला कळता कामा नये," एवढंच ते बायकोला म्हणाले.

वर्गात निभावून जात होतं. पुस्तक तोंडपाठ होतं, फळ्यावर लिहायला मुलं होती, शाळेची वाट पायांखालची होती. अडत होतं ते पेपर तपासताना. मग जवळचं थोडं दिसत होतं तोवरच पंतांनी सौदामिनीला इंग्रजी अक्षरं शिकवली. रविवारी सकाळी दार लावून दोघं बसत. ती मुलांचे पेपर वाचायची, पंत 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणायचे, ती लाल पेन्सिलीने खूण करायची. शेजारीपाजारी सांगून ठेवलं होतं की पंत पूजेला बसलेत.

हे तीन वर्षं चाललं. आणि खरं सांगायचं तर ही तीन वर्षं सौदामिनीच्या आयुष्यातली सगळ्यांत सुखाची होती. वाचता वाचता तिला वाक्यांचा अर्थ लागायला लागला, मग चुका दिसायला लागल्या, मग पंतांनी तोंड उघडायच्या आधीच तिची पेन्सिल हलायला लागली. घेवडा निवडताना ती मनातल्या मनात कर्त्याला क्रियापद जुळवून बघायची आणि जुळलं की एकटीच हसायची. नवऱ्याचे डोळे चालले होते आणि ती सुखात होती. याची तिला फार लाज वाटे. पण रविवार कधी येतो याची वाट बघणं काही सुटलं नाही.

अडतीस सालच्या वार्षिक परीक्षेला त्रेचाळीस पेपर होते. व्याकरणाच्या प्रश्नात आठ वाक्यं, गाळलेल्या जागा भरून पुरी लिहायची. तीच आठ वाक्यं त्रेचाळीस वेळा. पंचवीस-तीस पेपर झाल्यावर तिची जीभ आपली आपण चालायला लागली. आरती म्हणताना हातातल्या पुस्तकात कोण बघतं? मुलाने 'ईच ऑफ द बॉईज हॅव' लिहिलेलं असलं तरी तिच्या तोंडून 'हॅज'च गेलं. पंत म्हणाले, "बरोबर." तिने खूण केली आणि पुढचं वाक्य घेतलं.

पेपर मुलांना परत मिळाले, आणि चार दिवसांनी भोंगवलीचा गेनबा ओसरीसमोर येऊन उभा राहिला. त्याचा मुलगा इंग्रजीत चार मार्कांनी नापास झाला होता. नापासाची नादारी, म्हणजे फीमाफी, बंद व्हायची, आणि फी भरून शिकवायची गेनबाची ऐपत नव्हती. त्याच्या हातात दोन पेपर होते, एक मुलाचा आणि एक मुलाच्या शेजारी बसणाऱ्या सोनबाचा.

"मास्तर, म्या काय शिकल्याला न्हाई," तो म्हणाला, "पर ह्या दोगांची अक्षरं रेघ रेघ मिळवून बगितली. दोगांनी त्येच लिवलंय. मग हितं फुली आन् तितं बरुबर, आसं कसं वो?"

पंतांचा पारा चढला. "माझ्या तपासणीत चूक काढतोस? जा, हेडमास्तरांना दाखव!"

गेनबा गेला. साध्या माणसाला 'जा' म्हटलं की तो खरोखरच जातो, हे रागाच्या भरात पंतांच्या ध्यानात आलं नाही.

माजघरात सौदामिनीने सगळं ऐकलं. काय झालं असेल ते तिला तिथल्या तिथे कळलं. पंतांना सांगायला हवं होतं. जेवण झाल्यावर सांगू, असं तिने ठरवलं. जेवणानंतर ते पडले, मग फिरून आल्यावर सांगू असं ठरवलं. ते फिरून आले तेव्हा इतके खुशीत होते की तिची जीभ रेटेना.

सकाळी हेडमास्तर घरी आले. वयाने तरुण, पंतांच्याच हाताखाली शिकलेले. बसायच्या आधी त्यांनी पंतांना वाकून नमस्कार केला आणि सोनबाचा पेपर त्यांच्या हातात दिला.

"सर, हा सोनबाचा पेपर. यातली ही आठ वाक्यं जरा वाचून दाखवता?"

पंत ताठ बसले. प्रश्न त्यांनीच काढलेला, आणि सोनबाला आठांपैकी आठ दिलेले त्यांना आठवत होते. म्हणजे वाक्यं बरोबरच असणार. पेपर डोळ्यांसमोर धरून त्यांनी खणखणीत आवाजात आठही वाक्यं म्हटली, एकही न चुकता.

हेडमास्तरांनी वाकून कागद पुन्हा पाहिला. मग हळूच म्हणाले, "सर, पहिल्यात हॅव आहे. तिसऱ्यात पाण्याला मेनी लिहिलंय."

"तुला नीट दिसत नसेल," पंत म्हणाले आणि त्यांनी कागद उजेडाकडे वळवला.

सौदामिनीला ते बघवेना. पदर सारखा करून ती बाहेर आली. परक्या पुरुषासमोर ती अशी कधी आली नव्हती.

"पेपर मी तपासलेत," ती म्हणाली. "यांना दिसत नाही."

"काकू, तुम्हाला इंग्रजी येतं?"

तिने पंतांच्या हातातून कागद काढून घेतला आणि लिहिलं होतं तसं, बोट ठेवून, एकेक शब्द वाचला. पहिलं वाक्य संपलं. "चूक," पंत सवयीने म्हणाले. तिने दुसरं वाचलं. "बरोबर." तिसरं वाचलं. "चूक." आठ झाली तेव्हा पाच चुका निघाल्या होत्या.

गेनबाच्या मुलाचा एक मार्कही वाढला नाही. सोनबाचे पाच कमी झाले, आणि काठावरचा तोही नापासांत गेला. हेडमास्तरांनी पेपर घडी करून खिशात घातला. "सोमवारपर्यंत मी कुणाजवळ बोलत नाही," एवढं म्हणून ते खाली मान घालून गेले.

पंत दुपारपर्यंत जागचे हलले नाहीत. मग म्हणाले, "टाक आणि दौत आण. राजीनामा लिहायचाय. इंग्रजीत."

ते सांगत गेले, ती लिहीत गेली. आजवर तिने दुसऱ्यांचं इंग्रजी नुसतं वाचलं होतं. आपल्या हाताने कागदभर लिहिलं ते हे पहिलंच. लिहून झाल्यावर पंत म्हणाले, "वाच." तिने अगदी सावकाश वाचलं, एक अक्षर घेतल्याशिवाय दुसऱ्याकडे गेली नाही.

"बरोबर," पंत म्हणाले.

तिने त्यांचं बोट धरून सहीच्या जागेवर ठेवलं. सही वरच्या ओळीवर चढली. तिने ती तशीच वाळू दिली.