जिथून उचललं, तिथंच सोडा

पोरगा सोडला होता, पण बाप त्याला घरी न्यायला तयार नव्हता. देवराव माझ्या टेबलासमोर उभे. अमरावतीच्या फुलबाजारात त्यांचं दुकान, गजानन त्यांचा मुलगा.

झालं होतं असं. राजापेठेत एका ट्यूशन क्लाससमोरून मोटरसायकल चोरीला गेली. गजाननची गाडी तशीच, त्याच रंगाची. आमच्या डीबीचे, म्हणजे गुन्ह्यांचा छडा लावणाऱ्या पथकाचे, हवालदार राऊत गेले आणि त्याला भर बाजारातून उचलून आणलं. उचलणं म्हणजे अटक नव्हे, नुसती चौकशी. पण बघणाऱ्याला तो फरक कळतो, कप्पाळ! गजाननचे कागद चोख निघाले. मी ठाणेदार, म्हटलं सोडा.

"चार लोकाइच्या देखत नेलं, अन् आता गुपचूप घेऊन जा म्हनता?" देवराव म्हणाले. "याची सोयरीक जमून राहिली अंजनगावले. नेल्याची खबर तिथं पोचलीच असन. सोडल्याचं कोन सांगन?"

मी म्हटलं, आमच्या जीपनं घरी पोचवतो. ते आणखीच घाबरले. दारात जीप थांबली की गल्ली म्हणणार, झडतीला आले. त्यांचं एकच मागणं होतं: जिथून उचललं, तिथं नेऊन सांगा.

एसीपी साहेबांना फोन लावला.

"पायंडा पडेल," साहेब म्हणाले.

"पडू द्या सर. उचलण्याआधी आपली माणसं कागद तरी बघतील."

"जा मग. पण व्हिडिओ नको."

देवराव, गजानन आणि राऊतांना घेऊन चालतच बाजारात गेलो. खरं सांगतो, लाज वाटत होती. वर्दीत चूक कबूल करायचं ट्रेनिंग कोणी देत नाही. आम्हाला पाहताच सगळ्यांच्या माना हारांत गेल्या. ही तिथली जुनी रीत. पंचनाम्यावर सही करायला त्रयस्थ माणूस लागतो, पंच. तोही या बाजारात कधी मिळत नसे.

मी मोठ्यानं सांगितलं, गजाननचा काही दोष नाही, चूक आमची.

शेवंतीच्या ढिगामागून एक म्हातारी म्हणाली, "तुमी काहून सांगता? ज्यानं नेलं त्याले बोलू द्या."

राऊतांनी टोपी काढली. "चुकलं बाप्पा आमचं."

बाजार हसला. गजाननने तेव्हा कुठे मान वर केली.

दुसऱ्याच दिवशी तिथून फोन आला. बाजाराच्या शेडमागे बिनानंबरची गाडी उभी आहे, एक जण रोज घेऊन येतो. चोर सापडला. पंच पाहिजेत म्हटलं, तर दोघं आपणहून दुकानं सोडून आले. हे सगळं आधी का नाही सांगितलं, मी विचारलं. म्हातारी म्हणाली, "तुमीनं इचारलं कुठी? सीदं उचललं."

पुढच्या आठवड्यात मुलीचे वडील अंजनगावहून थेट ठाण्यात. वाटलं, मोडली सोयरीक.

"पोराची चौकशी कराले आलो होतो साहेब," ते म्हणाले. "बाजारात समजलं का तुमीनंच करून ठेवली. चहा पाजा आता."

पाजला. तेव्हापासून आमच्या ठाण्याचा नियम झाला: आधी विचारा, मग गाडी काढा. डिझेलही वाचतं.