हिमालयाचं वझं

शेजारचा पोरगा हिमालयात डोंगर चढायला निघायच्या आदल्या दिवशी आमी दोघं गिरणीवर गेलो. अर्धं पोतं ज्वारी माझी, पाठ त्याची. आखाडा बाळापुरात माझ्या घराला लागूनच त्याचं एसटीडीचं दुकान. महिनाभर भर उन्हात कानटोपी आणि जाड बूट घालून हा फिरत होता. म्हणे, डोंगराची सवय. सपाट गल्लीत मधेच थांबायचा, छातीवर हात ठेवायचा.

“मामा, हवा पातळ झाली. बराबर?”

“येड्या, म्हशीला वाट दे.”

बायको गेल्यापासून मी चहा-मुरमुऱ्यावर दिवस काढत होतो. चुलीकडं पाहवत नव्हतं. हे त्याला ठाऊक होतं, पण त्या दिवशी दारात येऊन बोलला भलतंच. “वझं उचलायचा सराव राहिलाय. तुमची ज्वारी द्या. अन् तुमी बी चला, मी पडलो तर धरायला.”

गिरणीवाल्यानं त्याला विचारलं, “काहून रे, तिकडं सामान तर खेचरं नेतेत म्हनला होतास?”

“हळू बोल की! मामा ऐकून राहिलेत.”

मी ऐकलंच न्हाई असं दाखवून गिरणीच्या पट्ट्याकडं पाहत बसलो. परतताना गरम पीठ पाठीला भाजत होतं, तरी गडी बोलतच होता, बर्फावर कसं झोपायचं ते.

दुसऱ्या दिवशी पहाटं त्याची गाडी गेली. मी चूल पेटवली. पहिली भाकर तव्यावर टाकतानाच फाटली. तिला एक शिवी दिली, फाटकीच खाल्ली, अन् दुसरी थापायला घेतली.