आतले दोन टायर

चहा ओतण्याआधी काकू कप उलटा धरून बुडाला टिचकी मारतात. आवाज बद्द आला की कप कचऱ्यात. कोणाकडे गेल्या की बसण्याआधी खुर्चीची शिवण बघतात. कात्री गळ्यात असते, दोरा मात्र दातानेच तुटतो. फोन उचलला की ‘हॅलो’ नाही, ‘काय फाटलं?’ गाडी लावली की तिच्याभोवती एक फेरी मारतात, हात मागे बांधून, परीक्षेच्या वर्गात फिरणाऱ्या मास्तरांसारख्या. मला ‘एमे’ म्हणतात. मी साहित्यात एम. ए. केलं हा त्यांच्या मते चांगला विनोद आहे. रागावल्या की ‘अहो एमे’.

मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते. खाली त्यांचं दुकान होतं. चाळीस वर्षं त्यांनी गाड्यांच्या सीटा शिवल्या. रेक्झिन, फोम, दाभण, मेण लावलेला दोरा. गावातल्या निम्म्या गाड्यांत माणसं त्यांच्या टाक्यांवर बसतात आणि त्यांना ते माहीत नसतं.

नवरा बसचा ड्रायव्हर. निवृत्त झाल्यावर त्यांनी मोडीत निघालेली एक लहान बस घेतली आणि तिचं घर केलं. दोन पलंग, ओटा, शेगडी, पाण्याची टाकी. गाद्या, उशा, पडदे काकूंचे. दोघं तीनदा फिरून आले. चौथ्या वेळी सामान भरून झालं होतं, आणि काका गेले. त्याला नऊ वर्षं झाली.

घरगाडी दुकानामागे उभी राहिली. कोणी म्हणालं, विकून टाका. कोणी म्हणालं, त्यात कोंबड्या पाळा. काकूंनी साठाव्या वर्षी मोठी गाडी चालवायचं लायसन्स काढलं. त्यांना शिकवणारा अजून सांगतो, “पहिले चार दिवस बाई क्लचला शिव्या देत होत्या. पाचव्या दिवसापासून मला.” तेव्हापासून महिन्यातून एकदा त्या गावाला वळसा घालून गाडी परत जागेवर आणून लावायच्या.

यंदा, सहासष्टाव्या वर्षी, त्यांनी दुकान बंद केलं. त्यांची थोरली बहीण नऊशे किलोमीटरवर राहते. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती एका खोलीत आहे. बसणं तिला फार वेळ जमत नाही, पडून राहणं जमतं. काकूंचा बेत साधा होता. घरगाडी घेऊन जायचं, ताईला खिडकीशेजारच्या पलंगावर निजवायचं, आणि ती म्हणेल तिकडे न्यायचं.

“आई, ट्रेनने जा आणि भेटून ये,” मुलगा म्हणाला.

“भेटायला कोण जातंय? मी तिला बाहेर काढायला जातेय.”

टायरचा विषय त्यांनीच काढला. मला ते टायर नव्यासारखे वाटत होते. नक्षी खोल, कुठे झीज नाही. काकू उकिडव्या बसल्या आणि टायरच्या कडेवर नख ओढलं. केसासारख्या चिरा होत्या, शेकडो.

“रेक्झिनचं असंच असतं,” त्या म्हणाल्या. “रोज बसतात ती सीट घासते. झाकून ठेवली ती चिरते. घासलेली निदान दिसते तरी.”

मग कडेवरचे चार आकडे दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. टायर कधी बनला ते त्यावर लिहिलेलं असतं. आमचे होते एक्केचाळीस तेरा. म्हणजे बारा वर्षांपूर्वीच्या एक्केचाळिसाव्या आठवड्यातले.

“टायरला जन्मतारीख असते?” मी विचारलं.

“असते. आणि तो ती चारचौघांत सांगतो. माणसांपेक्षा बरा.”

मुलगा दोन गल्ल्या पलीकडे राहतो. विम्याच्या कचेरीत काम करतो. सभ्य, हळू बोलणारा. तो म्हणाला, “टायर माझ्याकडून, आई. दुकानवाला माझ्या वर्गातला आहे. तू फक्त गाडी नेऊन लाव.” काकूंनी नाक ओढलं, आणि त्याच्या शर्टाचं सैल झालेलं बटण अंगावरच शिवून दिलं.

टायरवाल्याने आम्हाला पाहिलं आणि आमच्या मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

“बरोबर कोणी आलंय का?”

“ही आहे ना,” काकूंनी मला पुढे केलं.

“ह्या काय करतात?”

“कविता वाचते.”

“मग गाडी आत कोण घेणार?”

काकूंनी घरगाडी उलटी घेतली आणि एका दमात फाटकातून आत घातली. दोन्ही बाजूंना वीतभरच जागा होती. टायरवाला भिंतीला चिकटून उभा राहिला. “हिने,” काकू खिडकीतून म्हणाल्या, “मला कविता म्हणून दाखवली, म्हणून जमलं.”

काम सुरू झालं आणि मुलगा आला. “जेवायला घरी चल. इथे तीन तास लागतील.” आम्ही गेलो. परत आलो तर सहाही चाकं काळीभोर चमकत होती. पुढे दोन, मागे दोन्ही बाजूंना जोडीने दोन-दोन. काकू खूश होत्या. घरी येताना त्यांनी उगीचच दोनदा हॉर्न वाजवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीची फेरी. मागच्या चाकाशी त्या थांबल्या. जोडीच्या दोन टायरांमधल्या फटीत हात घातला, कोपरापर्यंत. मग बाहेर काढला. बोटं काळी झाली होती.

“एमे, इकडे ये. बाहेरच्या टायरला हात लाव.”

लावला. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात. ते टोचले.

“आता आत.”

आतला गुळगुळीत होता.

“बाहेरच्याला दाढी आहे,” काकू म्हणाल्या. “ह्याची झालीय. आणि वर पावडरही लावलीय.”

त्यांनी नवऱ्याचा जुना शर्ट चढवला, पोतं अंथरलं, टॉर्च दातांत धरला आणि गाडीखाली गेल्या. आधी डोकं, मग खांदे. मला फक्त चपला दिसत होत्या. आतल्या टायरचे आकडे आतल्याच बाजूला असतात, उभ्या माणसाला ते कधी दिसत नाहीत. बराच वेळ पॉलिश खरवडल्याचा आवाज येत राहिला. मग टॉर्च तोंडातून काढल्याचा.

“लिहून घे. एक्केचाळीस तेरा.”

दुसऱ्या बाजूलाही तेच.

त्या बाहेर आल्या तेव्हा चेहऱ्यावर काळे पट्टे होते. मला वाटलं, आता ओरडतील. त्या म्हणाल्या, “अहो एमे, गाडीत बसा.”

टायरवाला चहा पीत होता. काकूंनी आकडे सांगितले. तो आधी म्हणाला, चुकून झालं असेल. मग म्हणाला, आतल्या टायरला ऊन लागत नाही, तो टिकतो. मग त्याने कप खाली ठेवला.

“हे बघा काकू, माझ्यावर चिडू नका. तुमच्याच मुलाने सांगितलं. म्हणाला, बाहेरचे चार बदल, आतले राहू दे. गाडी कुठे जाणारेय? तिला नवे टायर बघून बरं वाटेल, तेवढंच.”

काकूंनी मान हलवली. हिशेब पटल्यावर माणूस हलवतो तशी. वळल्या, गाडीत चढल्या, आणि घरगाडी बाहेर फाटकासमोर आडवी लावली. पुढचा बंपर एका खांबाच्या पलीकडे, मागचा दुसऱ्याच्या. आत एक ट्रक होता, बाहेर दोन टेम्पो. किल्ली काढून त्यांनी शर्टाच्या खिशात टाकली.

“दोन नवे टायर येईपर्यंत गाडी हलणार नाही.”

“अहो, धंदा बंद पडेल माझा! घरी जा ना काकू, मी बघतो.”

“मी घरीच आहे,” काकू म्हणाल्या आणि शेगडी पेटवली.

मी थक्क झाले, आणि ते थक्क होणं अजून पुरतं उतरलेलं नाही. उपोषण, मोर्चे, घेराव ह्यांबद्दल मी पुष्कळ वाचलं आहे. इतक्या आरामात कोणी आडवं आलेलं वाचलं नव्हतं. अकरा वाजता त्यांनी टॉवेल धुऊन आरशाच्या दांडीवर वाळत घातला. बारा वाजता भात झाला. टेम्पोवाल्यांपैकी एक जण शिव्या घालायला दारापर्यंत आला, आत डोकावला, म्हणाला, “आयला, पंखापण आहे?” आणि वर येऊन बसला. दुपारपर्यंत त्याची फाटलेली सीट काकूंच्या मांडीवर होती. आत अडकलेला ट्रकवाला टायरवाल्याला सांगत होता, “दे ना बाबा टायर त्यांना. तुझ्या आईच्या गाडीला घातले असतेस का जुने?”

“माझी आई गाडी चालवत नाही!”

“नशीबवान आहेस,” ट्रकवाला म्हणाला.

चार वाजता मुलगा आला. कचेरीच्या कपड्यांत, घामाघूम.

“आई, लोक बघतायत.”

“बघू दे. काल मी बघायला हवं होतं, तेव्हा तू मला जेवायला नेलंस.”

“मी काळजीपोटी केलं गं.”

“काळजी असती तर सहा घातले असतेस. तुला खात्री होती, म्हणून चार घातलेस.”

त्याने कपाळाचा घाम पुसला. मग खालच्या आवाजात म्हणाला, “मला वाटलं, तू जाणारच नाहीस. नऊ वर्षं जाते जाते म्हणतेयस. नवे टायर लागले की तुझं समाधान होईल. गावात फिरवशील.”

“चार कोरे टायर बघून मी गावात थांबेन?” काकूंचा आवाज पहिल्यांदा चढला. “अरे, जुने होते तेव्हा भीत होते मी! म्हणून वळसा घालून परत यायचे. तू माझी भीती काढलीस आणि आत चिरलेले टायर ठेवलेस. ताई मागे निजलेली असताना घाटात फुटला असता, म्हणजे?”

घाटाचा विचार त्याने केलाच नव्हता. ते त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. चार नवे टायर बाहेर दिसले की आई गप्प बसेल, इतकंच त्याने धरलं होतं. त्या बाहेरच्या टायरांनीच ती निघायला मोकळी झाली होती.

काकूंनी टॉर्च त्याच्यापुढे धरला. “खाली जा. वाचून सांग.”

“आई, हे कपडे...”

“मी धुते. जा.”

तो गेला. टेम्पोवाले, ट्रकवाला, टायरवाला, मी, सगळे वाकून बघत होतो. खालून त्याचा आवाज आला, “एक्केचाळीस.” मग टॉर्च सरकल्याचा आवाज. “तेरा.” आणि नंतर, अगदी हळू, “आई, ह्या चिरेत माझं नख जातंय.”

बाहेर आला तेव्हा पाठ काळी होती. त्याने आईकडे पाहिलं नाही. मित्राला म्हणाला, “दोन मागव. ह्याच वर्षातले. मी तारीख बघून घेईन.”

“आज नाही मिळणार. उद्या दुपारी.”

“चालेल,” काकू म्हणाल्या. “मग उद्या दुपारपर्यंत आम्ही इथेच.”

ट्रक तेवढा त्यांनी सोडला. गाडी मागे घेतली, त्याला बाहेर जाऊ दिलं आणि पुन्हा आडवी लावली. जाताना ट्रकवाल्याने हात जोडले. मुलाने रात्रीचं जेवण आणून दिलं आणि काळा झालेला शर्ट धुवायला तिथेच ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंना हाताला काम नव्हतं. त्यांची नजर टायरवाल्याच्या खुर्चीवर गेली. तिचा फोम दोन्ही कडांनी बाहेर आला होता, वर त्याने वर्तमानपत्र घातलेलं.

“लाज नाही वाटत? दिवसभर हिच्यावर बसून लोकांचे टायर तपासतोस?”

“काकू, राहू द्या.”

“ऊठ.”

तो उठला. त्यांनी जुनं रेक्झिन सोलून काढलं, गाडीतला शिल्लक तपकिरी तुकडा मापात कापला, आणि डावीकडून टाके घालायला सुरुवात केली. टायरवाला गिऱ्हाइकांशी उभ्याने बोलत होता. मधूनमधून विचारायचा, “किती वेळ?” काकू म्हणायच्या, “तुझे टायर येईपर्यंत.”

टायर अकरालाच आले. काकूंनी दाभण रेक्झिनमध्ये तसंच खोचलं आणि उठल्या.

चढवण्याआधी दोन्ही टायर जमिनीवर आडवे ठेवायला लावले. मुलाने आकडे वाचले. सहावा आठवडा, हेच साल. काकूंनी नख ओढलं, मग तळवा फिरवला. केस टोचले. तेव्हा कुठे गाडी आत येऊन जॅकवर गेली. नट मशीनने बसवू दिले, शेवटचा पिळा मात्र हाताच्या पान्याने, समोरासमोरचे दोन-दोन. पाना मुलाच्या हातात होता. काकू मागे उभ्या राहून सांगत होत्या, “आता त्याच्या समोरचा. शेजारचा नाही रे, समोरचा.” त्याने बत्तीसच्या बत्तीस नट आवळले.

मला वाटलं, आता घरी. काकूंनी टाकीत पाणी भरून घेतलं, सिलिंडर हलवून बघितला आणि स्टेअरिंगवर बसल्या.

“शंभर किलोमीटरवर थांबून नट पुन्हा बघ,” मुलगा म्हणाला. “नवे टायर बसवले की ते सैल होतात.”

“तुला कोणी सांगितलं?”

“काल वाचलं. रात्रभर तेच वाचत होतो.”

काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “शर्ट गाडीत वाळतोय. आता ताईकडूनच ने.”

मी खाली उभी होते. तोंड उघडंच राहिलं होतं. “एमे,” त्या म्हणाल्या, “तोंड मिट. वरच्या झाडांना पाणी घाल.” घरगाडी फाटकातून निघाली, डावीकडे घराचा रस्ता होता, ती उजवीकडे वळली.

दोन तासांनी मुलाला फोन आला. नट सगळे घट्ट होते. तिसऱ्या दिवशी दुसरा फोन, त्यात ताई ओरडत होती की खिडकी पूर्ण उघड, मला काही होत नाही. त्यालाही आता दोन महिने झाले. दोघी सरळ पुढे गेल्या आहेत. परत कधी, हे विचारलं की काकू म्हणतात, ताईला विचार.

परवा मी टायरवाल्याकडे गेले होते. तो अजून उभ्याने धंदा करतो. खुर्ची डावीकडून सुरेख शिवलेली आहे, टाका टाक्याला लागून. उजवी बाजू उघडी आहे, फोम दिसतो. जिथे टीप थांबली तिथे दाभण खोचलेलं आहे आणि त्यातून हातभर दोरा लोंबतोय. बाजारातला शिलाईवाला अर्ध्या तासात करून देईल, असं मी त्याला म्हटलं.

“हात लावू देणार नाही कोणाला,” तो म्हणाला.